चार बोटं कापड

"उसव! चार बोटं उसव!"

अरविंद दिवट्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर पडलेला धोंडा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली जुई अशी दचकली की धोटा हातातून निसटून खाली गेला. सतरा वर्षांची पोर. तिनं मान खाली घालून कापडाकडे पाहिलं. हिरव्या रेशमात, जरीच्या काठालगत एक पट्टा पातळ पडला होता. बोटभरसुद्धा नाही, पण येवल्यातल्या विणकराच्या डोळ्याला तो ओरखड्यासारखा दिसतो.

"लक्ष कुठंय तुझं? झोपू राह्यली का मागावर?"

"नाही आप्पा. हातच ढिला पडला. डोळ्यांपुढं अंधारी आली जरा."

"अंधारी! मोबाईल पाहून पाहून येणार नाही तर काय! उसव म्हणलं ना."

कोपऱ्यात तिची आई रंजना रेशमाच्या कांड्या भरत होती. तिच्या हातातलं चाक थांबलं. हाच माग, हाच पट्टा आणि हाच शब्द. तीन वर्षांपूर्वी याच खड्ड्यात थोरली शलाका बसली होती. तिनं मान खाली घातली नव्हती. ती हसून म्हणाली होती, "आप्पा, हात नाही हो ढिला पडत. मीच मधे कुठंतरी जाऊन येते."

मोठ्या विनोदावर हसावं तसे सगळे हसले होते. रंजनासुद्धा.

शलाका दिवटे. वय बावीस. स्कूटर चालवायची तर आळीतल्या कोंबड्या घरात शिरायच्या. संक्रांतीला येवल्यात तीन दिवस पतंग उडतात, तेव्हा तिच्या मांजाची आसारी फिरायला लागली की शेजारच्या गच्च्यांवरचे बाप्ये आपापला मांजा गुंडाळून घ्यायचे. ती विणायची तेव्हा पायानं ताल धरायची, पावडीवर. बाप ओरडायचा, "माग आहे, तमाशाचा फड नाही!" आणि ती म्हणायची, "मग तिकीट लावा की." गाव आता तिची आठवण काढतं ती एकाच वाक्यात. पतंगाच्या नादात गच्चीवरून पडली बिचारी. बिचारीच्या आधी थोडं थांबतात. त्या थांबण्यात सगळं असतं. उंडारली, म्हणून मेली.

हे खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.

*

जुईचा पट्टा पडला त्या वर्षी येवल्यात हातखुणेचं केंद्र सुरू झालं होतं. यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून खपवतात, ते बंद करायचं म्हणून सरकारनं नियम काढला. पैठणीवर हातखूण नसेल तर ती पैठणी नाही. केंद्रावरची बाई गावचीच, मोमीनपुऱ्यातल्या विणकराची लेक मेहजबीन. कापडाचं भौतिकशास्त्र शिकून आली होती आणि शाळेत शलाकाच्या बाकावर बसलेली होती. तिनं सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून यंत्र दाखवलं.

"सोपं आहे काका," ती म्हणाली. "आपण खड्ड्याच्या मागावर बसतो तेव्हा कापड गुंडाळायचं लाकूड पोटाला टेकलेलं असतं. हृदय दर ठोक्याला रक्त वर फेकतं, तेव्हा अंग केसभर खाली दाबलं जातं. बंदूक सुटली की दस्ता मागं बसतो ना, तसं. तो दाब लाकडात जातो, लाकडातून ताण्यात. रेशीम लवचीक, ते पुन्हा सरळ होतं. पण जर धातूची. ती वाकली की वाकलेलीच राहते. काठातल्या जरीच्या प्रत्येक धाग्यात तो बसवतानाचा क्षण अडकून राहिलेला असतो. हाताचा ठोक, पायाचा दाब, श्वास आणि काळीज. हे यंत्र क्ष-किरणांनी ते बाक मोजतं आणि एकमेकांपासून वेगळे काढतं. दोन माणसांची खूण सारखी येत नाही. आणि यंत्रमागाला काळीज नसतं."

मागून कोणीतरी ओरडलं, "मग घरातली भांडी कोणी घासली तेबी सांगेल का गं?"

बायकांच्या बाजूनं उत्तर आलं, "सांगेल की! सगळ्या येवल्याची आमच्याच नावावर निघतील!"

हशा झाला, पण बाप्ये जरा कमीच हसले. कारण पंधरवड्यातच भानगडी सुरू झाल्या होत्या. या गावात बाई विणते आणि बाप्या सही करतो, ही काय आजची गोष्ट आहे? सासऱ्याच्या नावावरची साडी सुनेची निघाली. एका नामांकित कारागिराला तर धोटा धरता येत नाही, हे त्याच्या मेव्हणीच्या हातखुणेनं सिद्ध केलं. दिवट्याला या यंत्राचं वावडं होतं. त्याच्या बाहेरच्या खोलीत काचपेटीत एक मोरपंखी पैठणी होती, राज्याचा मोठा सन्मान मिळालेली. विणकर म्हणून पाटीवर नाव होतं अरविंद नामदेव दिवटे.

सगळे पांगल्यावर रंजना मेहजबीनजवळ गेली. "बाई, काळीज मधेच चुकलं, तर तेही उमटतं का?"

"काकू, बाई काय म्हणता? मेहजबीन म्हणा. उमटतं की. का?"

रंजनानं पिशवीतून हिरव्या कापडाचा तुकडा काढला. जुईनं विणलेला, पट्ट्यासकट. उसवायच्या आधी कापून आणलेला. मागावरचं कापड मधेच कापणं म्हणजे विणकराच्या घरात पाप. ते तिनं केलं होतं आणि नवऱ्याला सांगितलं होतं, उंदरानं खाल्लं.

यंत्राला वीस मिनिटं लागली. पडद्यावर रेघ उमटली, सारख्या उंचीचे डोंगर असलेली. मग एका जागी डोंगरच नव्हते, नुसती थरथर.

मेहजबीनचा चेहरा उतरला. "सात सेकंद. सात सेकंद हृदय नुसतं थरथरलंय काकू, रक्त पुढं गेलंच नाही. मग आपोआप ठिकाणावर आलंय. त्या सात सेकंदांत हात ढिला पडला, म्हणून हा पट्टा." तिनं रेघ मागं नेली. "आणि याच्या आधी बघा, ती दचकलीय. मोठा आवाज झाला होता का?"

"तिचे आप्पा धोटा शोधताना ओरडले होते. मग दुसऱ्यांदा, पट्टा दिसल्यावर."

"काही माणसांच्या हृदयातली वीज ठोक्यानंतर पुन्हा भरायला जास्त वेळ घेते. एरवी काही कळत नाही, तपासणीतसुद्धा कधी कधी सुटतं. पण अचानक आवाज झाला, कोणी खेकसलं, की वीज भलत्या वेळी सुटते. कधी सात सेकंदांत परत येते." पुढचं तिनं सांगितलं नाही. "हे रक्ताच्या नात्यात येतं. घरात आधी कोणी तरुणपणी असं अचानक गेलंय?"

रंजना तुकड्याची घडी घालायला लागली.

"शलाकाचं माहितीये मला," मेहजबीनच म्हणाली. "ते वेगळं. मी स्वतः पाहिलं होतं तिला त्या दिवशी गच्चीवर. पिवळी ओढणी होती. हात केला होता मला."

*

संक्रांतीच्या त्या दिवशी शलाका गच्चीवर गेलीच नव्हती.

सन्मानाच्या स्पर्धेला साडी द्यायला नऊ दिवस उरले होते. चार बोटं कापड बाकी होतं. बाहेर हलगीसारखी हलकडी वाजत होती, सगळं गाव गच्च्यांवर. शलाकानं तासभर मागितला. बाप म्हणाला, आधी चार बोटं. ती बसली. पावडीवर पायानं हलकडीचा ताल धरून विणत होती. आणि मग पट्टा पडला, आणि बाप ओरडला, आणि ती कापडावर ओणवी झाली. रंजनाला आधी वाटलं, नखरे करू राह्यली.

आळीतली रीत अशी की ज्या मागावर माणूस गेलं, त्या मागावरचं कापड घरात ठेवत नाहीत. कापून गोदावरीत सोडतात. अरविंदनं मेलेल्या पोरीकडं पाहिलं, मग कापडाकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं. "पाय धर," तो म्हणाला.

रंजनानं पाय धरले. जिन्याखाली ठेवली तिला, शेजारी आसारी. कोणी पाहिलं नाही. सगळं गाव वर बघत होतं.

आणि गंमत बघा लोकांची! दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं तिला पाहिलेलं होतं. शेजारची इंदूकाकू कपाळ बडवत सांगायची, "माझ्या डोळ्यांदेखत कठड्यावर चढली हो!" चौकातल्या एकानं तिचा शेवटचा पतंग कापला होता म्हणे. लोकांना आठवतं ते, जे त्यांना शोभून दिसतं. ओळखीच्या डॉक्टरनं कागद लिहून दिला. तेराव्याची वाट न बघता अरविंदनं मागावर बसून उरलेलं कापड पुरं केलं.

*

नाशिकला हृदयाच्या डॉक्टरांकडं तिघं गेली. जुईच्या छातीला तारा लावल्या, पट्टी निघाली, पट्टी ठीक होती.

"आत्ता तरी काही नाही," डॉक्टर म्हणाले. तरुण होते, सावकाश बोलायचे. "पण चक्कर येते म्हणता, म्हणून विचारतो. घरात कोणी कमी वयात अचानक? भाऊ, बहीण?"

रंजनानं तोंड उघडलं.

"थोरली होती," अरविंद म्हणाला. "पतंग उडवताना पडली. अपघात."

"आई?" डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं.

शेजारी जुई बसली होती. ताईच्या पतंगाची गोष्ट ऐकत मोठी झालेली. तिच्या खोलीत ताईची आसारी भिंतीला टांगलेली होती. रंजनानं मान हलवली. हो, अपघात.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. "भरपूर पाणी पी, जेवण टाळू नकोस. पुन्हा चक्कर आली तर या."

पुन्हा! रंजनाच्या मनात तो शब्द घरापर्यंत वाजत राहिला. शलाकाला पुन्हा किती वेळा आलं होतं? त्या साडीत किती पट्टे होते? पाच? अकरा? प्रत्येक पट्टा म्हणजे पोरीचा जीव जाऊन परत आलेला. आणि त्यांनी तिला काय करायला लावलं? उसवायला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजना काचपेटीसमोर उभी राहिली आणि कुलूप काढायला लागली. अरविंद आतून आला. मधल्या खोलीत जुईचा माग चालू होता. खट, खट.

"काय करतेस?" त्याचा आवाज चढायला लागला होता.

रंजनानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदा. "हळू," ती कुजबुजली. "ओरडलात तर मरेल ती."

"काय बरळतेस?"

"शलाका तुमच्या आवाजानं गेली. जुईचंही काळीज तसंच आहे. मेहजबीननं कापडात पाहिलं. डॉक्टर एकटीच्या तुकड्यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणेल नवशिकी आहे, हात बसला नाही. दोघी बहिणींचं सारखं निघालं तर ठेवेल. म्हणून साडी नेते."

भांडण झालं ते सगळं कुजबुजीत. असलं भांडण देवानं कोणाला दाखवू नये. दोन माणसं एकमेकांच्या नरड्याशी तोंड नेऊन शिव्या देत होती आणि दर दोन वाक्यांनी थांबून आतली खट खट ऐकत होती.

"माझं नाव आहे त्या पाटीवर."

"तिचं होतं."

"मी शिकवलं तिला. हात माझाच म्हणायचा तो!"

"मग ते काळीजही तुमचंच म्हणा. थांबलेलं."

"गावात तोंड दाखवता येईल का? तुरुंगात जाऊ आपण. तूसुद्धा. पाय कोणी धरले होते?"

"मी धरले," रंजना म्हणाली. "सांगणार आहे मी. सगळ्यांना."

"रंजे, गोळ्या चालू आहेत ना तिच्या. बघू की महिनाभर."

आतली खट खट थांबली.

दोघंही थिजली. अरविंदचा हात रंजनाच्या मनगटावर होता. एक, दोन, तीन. रंजना धावली नाही. धावलं आणि दार आपटलं तर? ती चवड्यांवर चालत गेली आणि पडदा बाजूला केला.

जुई कांडी बदलत होती. "काय गं आई? अशी काय बघतेस?"

"काही नाही. उठ बाळा. आज नको विणूस."

ती वळली तेव्हा अरविंद भिंतीला टेकून खाली बसला होता. तोंडात पंचा कोंबून. तिनं पाटीसकट साडी उचलली आणि निघाली.

*

मेहजबीननं साडी यंत्रावर पसरली. रंजनानं सगळं सांगून टाकलं, पाय धरले इथपर्यंत. मेहजबीन ऐकत होती आणि मान हलवत होती. "नाही काकू. मी पाहिलं होतं ना तिला. हात केला होता तिनं."

"आदल्या वर्षी केला असेल बाळा."

पडद्यावर रेघ चालायला लागली. पाच महिन्यांचं काम, वाचायला चार तास. शलाका रेघेतून गेली. भरभर विणणारी, एकदम थांबणारी, पुन्हा सुटणारी. एका जागी श्वासाची रेघ बारीक बारीक तुटत होती.

"हे काय?" रंजनानं विचारलं.

"हसतेय ती," मेहजबीन म्हणाली. "बराच वेळ हसतेय."

मग थरथर आली. पहिली पाच सेकंदांची. जुईच्या तुकड्याची रेघ मेहजबीननं तिच्या खाली लावली. एकाच हातानं काढल्यासारख्या होत्या दोन्ही.

मागून आवाज आला, हळू, बसका. "हा दिवाळीच्या आधीचा. उसवायला वेळ नव्हता म्हणून राहिला."

अरविंद दारात उभा होता. कधी आला कळलं नव्हतं. तो पुढं आला आणि पडद्याला नाही, साडीलाच बोट लावून दाखवायला लागला. यंत्राच्या आधी. "इथं एक आहे. इथं दोन होते, उसवले. इथं तिनं पुन्हा विणलं, बघ, ठोक जोरात आहे, रागात होती. इथं एक." येवल्यातला सगळ्यात तयार डोळा होता तो. प्रत्येक पट्टा त्याला पाठ होता. पोरगी मरतेय हे त्याच्या डोळ्यांनी पाच महिने वाचलं होतं आणि त्याला वाटलं होतं, कामचुकार आहे.

शेवटच्या चार बोटांशी रेघ आली. हाताच्या रेघेखाली पायाची रेघ नाचायला लागली. धिन्‌ ताक धिन्‌. मेहजबीनचं बोट टेबलावर आपोआप त्या तालावर पडायला लागलं आणि थांबलं.

"हलकडी," ती म्हणाली. "संक्रांतच आहे ही. ती खालीच होती." तिचे डोळे भरले. "मग मी कोणाला पाहिलं?"

पाय थांबले. तिच्या ओणव्या अंगाखाली दबलेल्या जरीत पुढचं उमटलं होतं. थरथर आली. सात सेकंद, दहा, वीस. मग सरळ रेघ. आणि तिच्यापुढं दुसराच हात सुरू झाला होता, जड, सावकाश, एकही चूक नसलेला.

"डॉक्टरांना पाठवते," मेहजबीन म्हणाली. "दोन्ही. आत्ताच. पण हातखुणेच्या अर्जावर विणकराचं नाव लागेल. आणि सही."

अरविंदनं पेन घेतलं. शलाका अरविंद दिवटे, असं लिहिलं. मग खाली आपल्या सहीपाशी पेन थांबलं आणि तो रंजनाकडं बघायला लागला, ती काही बोलेल म्हणून. क्षमेचं काही. तिनं सहीच्या जागेवर बोट ठेवलं. का बोलावं? त्यानं सही केली.

*

डॉक्टरांचा फोन तासाभरात आला. आवाज आता सावकाश नव्हता. आजच आणा, ॲम्ब्युलन्स नको, तिचा भोंगा नको. शांत गाडीतून आणा.

जुईला सांगावं लागलं. रंजनानंच सांगितलं, पायऱ्यांवर बसून, हळू आवाजात, तिचा हात हातात धरून. ताईचं, मागाचं, जिन्याचं. जुईनं हात काढून घेतला. ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं, असं वाटायच्या आधीच आई भीतीनं गार झाली, की किंचाळू नकोस पोरी, किंचाळू नकोस.

"उचलून नेलंत तिला," जुई म्हणाली. "आणि मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत होते, माझी ताई पतंगानं गेली." ती उठली. "आप्पा गाडीत नकोत. आणि तू माझ्याशेजारी बसू नकोस."

मेहजबीननं गाडी काढली. जुई पुढं बसली. रंजना मागं, मांडीवर कागद. अरविंद ओट्यावर उभा राहिला, गाडीचं दार तेवढं त्यानं लावलं, दोन्ही हातांनी, आवाज न होऊ देता.

विंचूर आलं. मग जुईनं मागं न बघता विचारलं, "तिनं तासभर मागितला, तेव्हा तू कुठं होतीस?"

"तिथंच. कांड्या भरत होते."

"काय म्हणालीस?"

खोटं बोलायला सगळा रस्ता मोकळा होता. "म्हणाले, आप्पा सांगतात तेवढं कर आधी."

जुईनं काच थोडी खाली केली. बाहेर द्राक्षांचे मळे मागं पळत होते. पुढच्या आरशात रंजनाला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती मान दिसत होती, आणि मानेवरची शीर. ती उडत होती. रंजना दुसरीकडं कुठंच बघत नव्हती. समोरून येणाऱ्या एका ट्रकनं हॉर्नवर हात ठेवलेला तिला लांबूनच दिसला, तशी ती पुढं झेपावली आणि दोन्ही तळव्यांनी पोरीचे कान दाबून धरले.

ट्रक गेला. जुई हलली नाही. हात झटकलेही नाहीत तिनं.

"कमी दाब," ती म्हणाली. "दुखतंय."